खुनी वेडा होता का? रामन राघवच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं आणि लेख वाचणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: हा माणूस खरंच वेडा होता, की वेडाचं सोंग घेत होता? मराठी वाचक हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा रामन राघवच असतो. म्हणून इथली बरीचशी उत्तरं त्याच्या खटल्याला धरून आहेत. गरज पडली तिथे बाहेरची उदाहरणं घेतली आहेत.

रामन राघव कोण होता, हे आधी थोडक्यात सांगाल का?

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जीआयपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले होऊ लागले. १९ जणांवर हल्ले झाले, त्यातले ९ जण दगावले. संशयावरून एक बेघर माणूस पकडला गेला. जबरी चोरीसाठी पाच वर्षं तुरुंगात काढलेली असल्यामुळे पोलिसांच्या दप्तरी त्याची नोंद होतीच, पण खुनांशी जोडणारा पुरावा हाती लागला नाही आणि त्याला सोडून द्यावं लागलं. १९६८ मध्ये तोच प्रकार उत्तरेकडच्या उपनगरांत पुन्हा सुरू झाला आणि मुंबई हादरली. तपासाची सूत्रं गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून एका माणसाला रस्त्यात हटकलं. त्याने नाव सांगितलं सिंधी दलवाई. बोटांचे ठसे जुळले तेव्हा कळलं की हाच रामन राघव, पूर्वी सोडून दिलेला.

पकडला तेव्हा त्याच्याजवळ काय होतं, ती यादी मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. यात राक्षस कुठे दिसतो? रस्त्यावर राहणाऱ्या कुणाही माणसाचं गाठोडं असंच असेल. अंगावरच्या बुशशर्टावर आणि खाकी चड्डीवर मात्र रक्ताचे डाग होते.

मग तो वेडा होता का? हो की नाही, एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, कारण हा एक प्रश्न नाहीच. कायद्यापुढे तो तीन वेगवेगळ्या वेळी उभा राहतो आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा असतो.

पहिली वेळ कृत्याची. घाव घातला त्या क्षणी आपण काय करतोय आणि ते चूक किंवा बेकायदा आहे, हे समजण्याची ताकद त्याच्यात होती का? दुसरी वेळ खटल्याची. कोर्टात काय चाललंय ते त्याला उमगतंय का, वकिलाला सांगून तो स्वतःचा बचाव करू शकतो का? तिसरी वेळ शिक्षेची. फाशीची शिक्षा झालेला माणूस आज गंभीर मनोरुग्ण असेल, तर त्याला फासावर चढवायचं का?

रामन राघवच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं न्यायालयाचं उत्तर होतं, समजत होतं. म्हणून तो दोषी ठरला. दुसऱ्याचं उत्तर होतं, खटला चालवता येईल. म्हणून खटला चालला. तिसऱ्या टप्प्यावर त्याचा आजार निर्णायक ठरला आणि फाशी टळली. आता 'कोर्टाने त्याला वेडा ठरवलं' असं एक पुस्तक म्हणतं आणि 'कोर्टाने त्याला शहाणा ठरवलं' असं दुसरं. दोघंही अर्धंच सांगतात आणि वाचक मात्र दोन पुस्तकं वाचून अधिकच गोंधळतो. माझ्या मते या प्रकारच्या वाचनात एकच गोष्ट काटेकोरपणे सांभाळावी. 'वेडा' असा उल्लेख आला की तो कोणत्या वेळेबद्दल आहे, ते विचारावं.

कायद्यात याची व्याख्या काय आहे?

भारतीय दंड संहितेचं कलम ८४. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २२ म्हणून आहे, मजकूर जवळपास तोच. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे ज्याला आपल्या कृत्याचं स्वरूप समजू शकत नव्हतं, किंवा आपण करतोय ते चूक किंवा कायद्याविरुद्ध आहे हे समजू शकत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. 'करतेवेळी' यावर सगळा भर आहे. आदल्या महिन्यात तो भ्रमिष्टासारखा वागत होता किंवा अटकेनंतर तुरुंगात बडबडत होता, हे पुरावा म्हणून पाहिलं जातं, पण तेवढ्याने भागत नाही.

याचं मूळ इंग्लंडात आहे. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. सत्ताधारी आपल्या मागे लागले आहेत, असा त्याचा ठाम समज होता. ज्यूरीने त्याला वेडामुळे निर्दोष ठरवलं, लोक खवळले आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांकडून नियमच स्पष्ट करून घेतले. १८६० च्या आपल्या दंड संहितेत ती कसोटी उतरली आणि आजतागायत टिकून आहे. मनोविकारशास्त्र एवढ्या काळात कुठल्या कुठे गेलं, कसोटी मात्र जागची हललेली नाही. 'मला कळत होतं पण हात आवरला नाही' हा बचाव तिच्यात बसत नाही.

डॉक्टरांनी आजार सांगितला तरी कोर्ट मानत नाही, असं का?

कारण डॉक्टर आणि न्यायाधीश वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. डॉक्टर विचारतो, आजार आहे का, कोणता, किती जुना. न्यायाधीश विचारतो, त्या आजारामुळे त्या क्षणी समज गेली होती का. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम आणि भास होणारा गंभीर मनोविकार, असलेला माणूसही चोरी करताना आपण चोरी करतोय हे पक्कं जाणून असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत वैद्यकीय वेड आणि कायदेशीर वेड यांत फरक केला आहे तो यासाठीच.

रामन राघवच्या खटल्यात हा पेच अगदी उघडा पडला. बचावाच्या वकिलांनी तो खटल्याला सामोरं जाण्याच्या स्थितीत नाही असं म्हटल्यावर १९६९ मध्ये त्याला महिनाभराहून जास्त काळ मुंबईच्या पोलीस सर्जनच्या निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. अहवाल आला की मनोविकृती नाही, मतिमंदत्वही नाही. खटला सुरू झाला. मग बचाव पक्षातर्फे नायर रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ साक्षीला आले आणि म्हणाले, याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे लोक आपल्या वाईटावर आहेत अशा भ्रमांचा. आपण माणूस मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळत नव्हतं.

कलम ८४ मध्ये दोन पर्याय आहेत, हे लक्षात घ्या. साक्ष त्यातल्या दुसऱ्या पर्यायावर बेतलेली होती. सत्र न्यायालयाने ती मानली नाही आणि फाशी सुनावली.

आता न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून पाहा. आरोपी रात्री हल्ला करतो, हत्यार झुडपांत लपवतो, वेगवेगळी नावं वापरतो. ज्याला चूक-बरोबर कळत नाही तो लपवालपवी कशाला करेल? हा युक्तिवाद कुठल्याही कोर्टात दमदार ठरतो. पण त्याच गोष्टी उलट्या बाजूनेही वाचता येतात. 'आपल्या मागे लोक लागले आहेत' या भ्रमात जगणारा माणूस लपूनछपूनच वावरणार. पोलिसांना तो घाबरतो, पण कायदा मोडला म्हणून नव्हे, तर ते शत्रुपक्षाचे आहेत म्हणून. लपवणं एकच, त्यामागची समज दोन प्रकारची. कोणती खरी, हे झुडपांतल्या लोखंडी सळईकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

त्याचे भ्रम नेमके काय होते?

जग दोन आहेत, अशी त्याची धारणा होती. एक 'कानून'चं जग आणि दुसरं हे आपलं, दुष्ट माणसांचं. आपण स्वतः 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, आपल्यात शक्ती आहे, लोक आपलं लिंग बदलायचा प्रयत्न करताहेत पण आपण 'कानून'चे असल्यामुळे ते त्यांना जमत नाही, असं तो सांगे.

फाशीच्या शिक्षेवर उच्च न्यायालयाची मोहोर लागते, आरोपीने अपील केलं नाही तरी. रामन राघवने अपील करायला नकार दिला होता. प्रकरण तरीही उच्च न्यायालयापुढे गेलं आणि न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. मंडळाने त्याच्या पाच भेटी घेतल्या, प्रत्येक भेट सुमारे दोन तासांची. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. त्याने हात मागे घेतला: मी 'कानून'चा प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही. मंडळाचा निष्कर्ष जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचा आला.

फाशी टाळायला ज्याला वेडाचं सोंग घ्यायचंय, तो अपील करेल, डॉक्टरांना खूश ठेवेल. हा दोन्ही करत नाही.

पण सोंग ओळखतात कसं? हुशार माणूस डॉक्टरला सहज फसवू शकेल ना?

तासाभराच्या भेटीत फसवू शकेल. आठवडाभर रात्रंदिवस लक्ष असलेल्या वॉर्डात फसवणं फार अवघड आहे. सोंग घेणारा सिनेमातला वेडा उभा करतो. ओरडतो, असंबद्ध बरळतो, साध्या प्रश्नांची मुद्दाम वेडीवाकडी उत्तरं देतो, नसलेलं दिसणं आणि नसलेलं ऐकू येणं सगळं एकदम सांगतो. खऱ्या रुग्णाचं चित्र सहसा वेगळं असतं. तो भ्रम लपवू बघतो, कारण आपल्याला वेडा म्हणतील हे त्याला ठाऊक असतं. भ्रमाची आतली घडी पक्की असते. आज सांगितलं ते पंधरा दिवसांनी विचारलं तरी जुळतं. झोप, जेवण, अंघोळ, कुणी बघत नसतानाचं पुटपुटणं, हे परिचारिका आणि पहारेकरी टिपत असतात. या नोंदींना डॉक्टरच्या मुलाखतीइतकंच वजन असतं, कधी कधी जास्तच. ठरीव प्रश्नावल्याही आहेत. त्यांत कुठल्याच आजारात न सापडणारी लक्षणं मुद्दाम पेरलेली असतात. जो त्यांनाही 'हो हो' म्हणतो, तो पकडला जातो.

सोंग आणि खरा आजार एकाच माणसात असू शकतात, हे मात्र पुस्तकं क्वचितच सांगतात. खरा रुग्णही शिक्षा टाळायला आजार फुगवून सांगू शकतो.

कबुलीआधी त्याने कोंबडी मागितली, ही गोष्ट खरी आहे का?

हकीकत अशी सांगितली जाते की तो बरेच दिवस काही बोलायला तयार नव्हता. काय हवं विचारलं तर म्हणाला, कोंबडी. पोट भरल्यावर केसांना लावायचं तेल, कंगवा आणि आरसा मागितला आणि मग विचारलं, आता सांगा, तुम्हाला काय हवंय? प्रत्येक लेखात ही गोष्ट असते आणि तिच्यात नाट्य आहे हे कबूल. पण खटल्याच्या दृष्टीने कोंबडीला काडीची किंमत नाही. पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे, विचार करायला वेळ देऊन नोंदवलेला कबुलीजबाब चालतो, आणि आरोपीने दाखवलेल्या जागेवरून सापडलेली वस्तू चालते. रामन राघवने लपवलेली लोखंडी सळई काढून दिली, तपासातला खरा टप्पा तो होता.

त्याने ४१ खून केले म्हणतात. हा आकडा बरोबर आहे?

तो त्याच्या स्वतःच्या कबुलीतून आलेला आकडा आहे. त्या सगळ्या खुनांचा खटला चालला नव्हता आणि ते सगळे न्यायालयात सिद्धही झालेले नाहीत. ज्याची समज शाबूत आहे की नाही यावर सगळा वाद चालू आहे, त्याच माणसाने सांगितलेला आकडा मात्र आपण छातीठोकपणे छापतो. गंमतच आहे.

कबुलीचे आकडे किती फसवे असतात याची दोन उदाहरणं पुरेत. अमेरिकेत हेन्री ली लुकस नावाच्या माणसाने शेकडो खून कबूल केले. पोलीस एकामागून एक जुनी प्रकरणं त्याच्या नावावर बंद करत गेले. पुढे कळलं की त्यातल्या कित्येक वेळी तो त्या ठिकाणी असूच शकत नव्हता. ज्या खुनासाठी त्याला मृत्युदंड झाला होता, त्याबद्दलही इतकी शंका निर्माण झाली की १९९८ मध्ये टेक्ससच्या गव्हर्नरांनी तो रद्द करून जन्मठेप दिली. स्वीडनमध्ये स्तुरे बेर्गवाल हा मनोरुग्णालयात असताना ३० हून अधिक खून कबूल करत गेला. ८ खुनांसाठी तो दोषी ठरला. नंतर त्याने सांगितलं की सगळं रचलेलं होतं, उपचार आणि गोळ्यांच्या अमलाखाली, लोकांचं लक्ष मिळावं म्हणून. २०१३ पर्यंत आठही दोषसिद्धी रद्द झाल्या. तेव्हा मुखपृष्ठावर मोठा आकडा दिसला की त्यातले सिद्ध किती, एवढं शोधावं.

वेडा ठरला तर माणूस सुटतोच ना? म्हणजे खून करून मोकळा?

नाही. सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. कलम ८४ खाली निर्दोष ठरवतानाही कोर्टाला लिहावं लागतं की कृत्य याच माणसाने केलं की नाही. केलं असेल तर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश होतो, म्हणजे बहुधा मनोरुग्णालयात, किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या ताब्यात. तिथून बाहेर पडायची तारीख ठरलेली नसते. जन्मठेपेच्या कैद्याला निदान माफीचा हिशेब असतो. मनोरुग्णालयातला माणूस कुणी विचारपूस करणारं नसेल तर विस्मरणात जातो.

खटल्याला सामोरं जाण्याच्या स्थितीत नाही असं ठरलं तर तर विचारूच नका. खटला थांबतो, माणूस आतच. देशातल्या तुरुंगांत आणि मनोरुग्णालयांत अशी माणसं दशकानुदशकं पडून राहिल्याचं वेळोवेळी उघडकीला आलं आहे, कधी कधी तर मूळ आरोपाच्या कमाल शिक्षेहून जास्त काळ.

रामन राघवचं पुढे काय झालं?

येरवडा कारागृहात होता, पुण्यातच त्याच्यावर मनोविकाराचे उपचार चालू राहिले. आजार बरा होण्यासारखा नाही हे लक्षात घेऊन उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप दिली. १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला. दोषसिद्धी कायमच राहिली.

इतर देशांत असा घोळ होतो का?

होतो, आणि कधी कधी हुबेहूब. इंग्लंडातल्या पीटर सटक्लिफने १९७५ ते १९८० या काळात १३ स्त्रियांचे खून केले. देवाचा आवाज ऐकू येतो, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान केलं होतं आणि सरकारी पक्ष कमी दर्जाचा गुन्हा मान्य करायलाही तयार होता. न्यायाधीशांनी ते नाकारून प्रकरण ज्यूरीपुढे ठेवलं. १९८१ मध्ये ज्यूरीने बहुमताने खुनाचा दोष दिला. तीनच वर्षांनी त्याला तुरुंगातून ब्रॉडमूर या सुरक्षित मनोरुग्णालयात हलवावं लागलं आणि २०१६ पर्यंत तो तिथेच होता. रामन राघवसारखंच झालं. निवाडा देताना आजार बाजूला ठेवला गेला आणि शिक्षा भोगताना तोच समोर आला.

अमेरिकेत उलट दिशेने धक्का बसला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा जॉन हिंकली १९८२ मध्ये वेडामुळे निर्दोष ठरला. लोकांचा संताप इतका झाला की १९८४ मध्ये काँग्रेसने कायदाच कडक केला आणि वेड सिद्ध करायचं ओझं आरोपीवर टाकलं. मॅकनॉटननंतर इंग्लंडात घडलं, त्याची ही आवृत्ती.

जक्कल-सुतार वगैरे मंडळीही वेडीच म्हणायची ना? शहाणा माणूस असं करेल का?

१९७६-७७ मध्ये पुण्यात दहा खून करणारे ते चौघे कलामहाविद्यालयातले विद्यार्थी होते. घरं हेरली, दोऱ्या नेल्या, मृतदेहांची विल्हेवाट लावली, चीजवस्तू पळवल्या. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली. 'शहाणा माणूस असं करेल का' हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. कृत्य जितकं भयंकर तितका करणारा वेडा, असं गृहीत धरलं की सगळ्यात क्रूर माणसाला आपोआप सगळ्यात मोठी सवलत मिळेल. क्रौर्य हा आजाराचा पुरावा नाही. ज्याला सायकोपॅथ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेबद्दल काहीच न वाटणारा माणूस, त्याला चूक-बरोबर चांगलं कळतं. त्याला त्याची पर्वा नसते, एवढंच. कायद्याच्या लेखी तो शहाणा.

'शेजारच्या माणसासारखे दिसणारे चार पोरगे' हे पचवण्यापेक्षा 'चार वेडे' हे पचवणं सोपं जातं. हेही त्या प्रश्नामागचं एक कारण असावं.

मग नरबळी देणारे? गुप्तधनासाठी मूल मारणारा माणूस भ्रमिष्टच नाही का?

नाही. अंधश्रद्धा हा समाजाचा समज असतो. तो आजूबाजूच्या अनेकांना मान्य असतो, शिकवला जातो, पैसे घेऊन विकला जातो. मनोविकारातला भ्रम एकट्याचा असतो, आणि घरच्या माणसालाही तो पटत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खुनांमागे गुप्तधनाचा लोभ होता. त्याचाही छडा रमाकांत कुलकर्णी यांनीच लावला. तिथे प्रश्न कटाचा होता, कोण वेडा याचा नव्हता.

आज रामन राघवचा खटला चालला असता तर?

पहिल्या टप्प्यावर फारसा फरक पडला असता असं मला वाटत नाही, कसोटी तीच आहे. मात्र वेड सिद्ध करायला आरोपीला 'निःसंशय' पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच दह्याभाई ठक्कर खटल्यात सांगितलेलं आहे. फरक पडला असता तो शिक्षेच्या टप्प्यावर. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात मनोरुग्णता हे फाशी रद्द करायचं एक कारण मानलं गेलं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आरोपीचं नाव झाकून, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही फाशी टाळण्यासाठी विचारात घ्यावा. ज्याला आपल्याला कशासाठी मारताहेत हेच कळत नाही, त्याला मारून शिक्षेचा हेतू साधत नाही, हा त्यामागचा विचार.

अशा पुस्तकांतून मेलेल्या माणसांबद्दल काहीच का कळत नाही?

रामन राघवच्या बाबतीत याचं उत्तर फार बोचरं आहे. ती माणसं फुटपाथवर झोपणारी होती. पोटासाठी शहरात आलेली, कित्येकांचं गाव कुठलं हेही नीट नोंदलं गेलं नसेल. खुन्याचे कंगवे किती होते हे आपल्याला माहीत आहे. मेलेल्या माणसाच्या उशाशी काय होतं, ते माहीत नाही. चांगला लेखक पंचनाम्यातून, साक्षीतून जमेल तेवढं उकरून काढतो. मी एखादं पुस्तक चाळताना आधी हेच बघतो. मृतांना नावापलीकडे दोन ओळी तरी मिळाल्या आहेत का? नसतील तर लेखक खुन्याच्या प्रेमात पडलाय असं समजावं.

हे वाचायला आवडतं म्हणजे माझ्यातच काही बिघाड आहे का?

नाही. भीती सुरक्षित अंतरावरून चाखायला माणसाला आवडतंच. रात्री झोप उडत असेल किंवा दाराची कडी चार-चारदा तपासावी लागत असेल तर मात्र थोडे दिवस दुसरं काही वाचा.

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ही पुस्तकं वाचल्यापासून मला त्याची भीती वाटते. काय करू?

ही भीती पुस्तकांनी दिलेली आहे, भावाने नव्हे. स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण कधीच कुणावर हात उगारत नाहीत. उलट मारहाण, फसवणूक, घराबाहेर काढलं जाणं त्यांच्याच वाट्याला जास्त येतं. त्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका असतो तो त्यांच्या स्वतःच्या जिवाला. रामन राघववर पुस्तक निघतं. वेळेवर गोळी घेऊन कामावर जाणाऱ्या, बहिणीच्या लग्नात पंगत वाढणाऱ्या रुग्णावर निघत नाही. त्यामुळे वाचकाच्या मनात या आजाराला एकच चेहरा चिकटतो.

काळजी करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आणि ठोस असतात. गोळ्या अचानक बंद करणं, दारू किंवा गांजा सुरू होणं, रात्र-रात्र झोप नसणं, 'अमुक माणूस मला मारणार आहे' असं एका विशिष्ट व्यक्तीबद्दल वारंवार म्हणणं, पूर्वी कधी हिंसा झालेली असणं. यातलं काही दिसलं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. 'असं काही नाहीये, तुझा भ्रम आहे' म्हणून भ्रम जात नाही. 'तुला फार भीती वाटतेय ना' एवढं म्हणा आणि डॉक्टरांना लवकर गाठा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. रुग्णाच्या घरच्यांनीही तिथे फोन करायला हरकत नाही.

पुस्तकांऐवजी निकालपत्रं वाचावीत का? कुठून सुरुवात करू?

वाचावीत, जरा चिकाटी हवी. सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रं इंटरनेटवर फुकट मिळतात, काही आता मराठीतही. सुरुवातीला वर उल्लेख केलेलं दह्याभाई ठक्कर घ्या. मोठं नाही, आणि बायकोचा खून केलेल्या नवऱ्याने वेडाचा बचाव घेतल्यावर कोर्ट त्याची आदली वागणूक, त्या रात्रीची वागणूक आणि नंतरची वागणूक कशी एकेक करून तपासतं ते त्यात स्पष्ट दिसतं. हकीकत वाचून झाल्यावर थेट शेवटाकडे उडी मारू नका. मधली वैद्यकीय साक्ष आणि तिची उलटतपासणी सावकाश वाचा. डॉक्टरांनी आरोपीला पहिल्यांदा कधी पाहिलं, घटनेनंतर किती दिवसांनी, हे बघा. निम्म्या प्रकरणांत बचाव तिथेच ढासळलेला सापडेल.